अबोल्याचं पुस्तक

कुटुंब न्यायालयाच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून, भेटीची खोली होती. आईवडील वेगळे झाले आणि मूल एकाकडे राहिलं, की दुसऱ्याला शनिवारी तासभर मुलाला तिथे भेटता येई. खोली सांभाळणाऱ्या बाईंना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. आधी त्या बालवाडीत शिकवायच्या. बालवाडी बंद पडली आणि त्या इथे आल्या. काम वरवर सोपं. खेळणी मांडायची, भेट संपेपर्यंत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहायचं आणि कुणाचा आवाज चढला तर मध्ये पडायचं. आवाज चढायचाच.

मुलांसाठी प्रेमाची, मैत्रीची चित्रपुस्तकं ठेवा, अशी वरून सूचना आली होती. सूचना देणाऱ्याला ते सोपं वाटलं असणार. बाई दुकानात जाऊन एकेक पुस्तक उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचत. दुकानदार लाल बदाम काढलेली पुस्तकं पुढे सरकवी. “हे घ्या. आईबाबा दोघं मिळून पिल्लाला कुशीत घेतात. हातोहात खपतं.” बाई ते हळूच बाजूला ठेवत. त्यांच्या खोलीतली मुलं नेमकी त्या ‘दोघं मिळून’पाशी अडायची.

निवडलेलं पुस्तक आधी घरी जाई. बाईंचे यजमान निवृत्त बसकंडक्टर. चहा घेता घेता ते पुस्तक मोठ्याने वाचत, आणि ससा, हत्ती, चिमणी सगळे त्यांच्या तोंडून पुढच्या थांब्यावर उतरणार असल्यासारखे बोलत. त्या आवाजातही जे पुस्तक तग धरेल तेच कपाटात जाई.

एक पुस्तक मात्र बाईंच्या पिशवीतच पडून होतं. खार आणि बदक जिवलग दोस्त असतात. एक दिवस बदक न सांगता उडून जातं. बऱ्याच दिवसांनी परत येतं, तर खार बोलतच नाही. झाडावरून त्याच्यावर बिया मारत बसते. पानांमागून पानं नुसता रुसवा.

“हे तिथे ठेवू नकोस,” यजमान म्हणाले होते. “एखादा बाप उठून निघून जाईल.”

“किंवा बसेल तरी,” बाई म्हणाल्या. पण त्यांचंही धाडस झालं नव्हतं.

त्या दिवसांत एक चिमुरडी येत असे. वय चार-साडेचार, केसांना दोन घट्ट वेण्या. बाप भेटायला आला की ती टेबलाच्या पलीकडे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राही. किती भेटी झाल्या, तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. बाप दर वेळी आधीपेक्षा मोठी बाहुली आणी. आई बाहेरच्या बाकावर, दाराच्या काचेतून आत बघत. कोर्टाची तारीख जवळ आली होती, आणि मूल असंच राहिलं तर भेटी बंद कराव्यात, असं आईच्या वकिलानं आधीच बोलून ठेवलं होतं. हे आई, बाप आणि बाई तिघांनाही माहीत होतं. मुलीला कुणी सांगितलं नव्हतं, पण घरातलं वारं मुलांना कळतंच.

त्या शनिवारी बाप घामाघूम होऊन आला. हातात बाहुली नव्हती, पुस्तक होतं. बाहेरून आणलेलं पुस्तक बाईंनी आधी बघायचं असा नियम. त्यांनी पहिली दोन-तीन पानं चाळली. अस्वल, पिल्लू, मध. बापाचा चेहरा असा झाला होता की पुढचं बघायला त्या थांबल्या नाहीत. “वाचा,” म्हणाल्या.

तो जमिनीवर बसला आणि वाचू लागला. मुलीची पाठ त्याच्याकडे, पण वेणी हलायची थांबली होती. बाईंना जरा बरं वाटलं. मग पान उलटलं.

“बाबा अस्वल म्हणालं, सोन्या, मी तुला सोडून कधीच, कधीच जाणार नाही.”

“गेलास की,” मुलगी म्हणाली.

कितीतरी दिवसांनी तिचा आवाज आला होता, आणि तो एवढाच. बापानं पुस्तक खाली ठेवलं. “मी गेलो नाही, सोनू. मला जायला लावलं.” त्याचा आवाज एकेका शब्दागणिक वर जात होता. “तुझ्या आईला विचार, कुणी कुणाला—”

दार धाडकन उघडलं. “विचार ना,” आई म्हणाली. “माझ्यासमोर विचार. लेकीच्या डोक्यात काय भरवतोस ते मलाही ऐकू दे.”

“एवढे दिवस तू काय भरवलंस, ते आधी सांग.”

मुलगी टेबलाखाली शिरली. कानांवर दोन्ही हात. बाई दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. पुस्तक पुरतं न बघता दिलं ही चूक आपली, हे त्यांना लख्ख दिसत होतं. पण ते कबूल करायची ही वेळ नव्हती.

“ताई, तुम्ही बाहेर बसा. काचेतून दिसतंय तुम्हाला.”

“हे मी कोर्टात सांगणार आहे, बाई. तुमचं नाव घेऊन सांगणार आहे.”

“सांगा. आत्ता बाहेर बसा.”

आई गेली, पण बाकावर बसली नाही. काचेला नाक लावून उभी राहिली. बाप आपली पिशवी उचलत होता. “मीही जातो,” तो म्हणाला. “काही उपयोग नाही.”

“आत्ता गेलात, तर तिनं म्हटलेलं खरं होईल,” बाई म्हणाल्या.

तो थांबला. बाईंनी आपली पिशवी उघडली आणि खारीचं पुस्तक त्याच्या हातात दिलं. देताना त्यांना यजमानांचं बोलणं आठवलं, पण हात पुढे झाला होता. “खाली बसा. पानावर आहे तेवढंच वाचायचं. पदरचं काही घालायचं नाही.”

तो वाचू लागला. आवाज कोरडा, मध्येच चिरकत होता. बदक उडून गेलं. खारीनं वाट बघितली. टेबलाखालून हालचाल नाही. बदक परत आलं.

“खारीनं विचारलं, तू कुठे होतास?”

पुढच्या पानावर बदकाला उत्तर नव्हतं. नुसतं चित्र होतं, मान खाली घालून उभं राहिल्याचं. बाप त्या पानाकडे बघत राहिला. “बाळा, मी तर—” तो म्हणाला.

“पानावर आहे तेवढंच,” बाई हलकेच म्हणाल्या.

काचेपलीकडे आईनं दाराच्या मुठीवर हात ठेवला होता. बाईंनी तिच्याकडे बघून तळहात उभा धरला आणि तसाच धरून ठेवला.

“पुढचं वाच,” टेबलाखालून आवाज आला.

त्यानं वाचलं. खार बिया मारू लागली, तसा टेबलाखालून एक खडू आला आणि त्याच्या खांद्याला लागला. मग दुसरा. मुलीनं खडूंचा डबाच खाली ओढून घेतला होता. एक त्याच्या कपाळावर बसला, हिरवा ठिपका उमटला. तो हलला नाही. वाचत राहिला, आणि डोळ्यांतलं पाणीही त्यानं पुसलं नाही, कारण दोन्ही हातांत पुस्तक होतं.

शेवटच्या पानावर खार म्हणते, पुढच्या वेळी जाताना सांगून जा. मिठी नाही, काही नाही.

तास संपला. मुलगी टेबलाखालीच होती. बाप वाकला. “मी आता जातोय,” तो म्हणाला. “पुढच्या शनिवारी येणार.”

“सांगून झालं?”

“झालं.”

“मग जा.”

आईनं म्हटल्याप्रमाणे तक्रार केली. वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी बाईंना उभं करून ऐकवलं, आणि नियम मोडल्याची नोंद झाली. बाईंनी ऐकून घेतलं. घरी त्या दोन दिवस धड जेवल्या नाहीत. यजमानांनी एकदाच विचारलं, “उठून गेला का तो?”

“नाही गेला,” बाई म्हणाल्या.

भेटी बंद झाल्या नाहीत. पुढचे कित्येक शनिवार मुलगी बापाला फक्त खडू मारत होती. मग एकदा तिनं चित्र काढायला त्याच्याकडेच लाल खडू मागितला. आई कधी बाईंशी मोकळेपणानं बोलली नाही. एका शनिवारी, वाट बघत असताना, तिनं अचानक विचारलं, “ती खार शेवटी बोलते, तोपर्यंत तिला किती त्रास झाला असेल, नाही?”

“झालाच असेल,” बाई म्हणाल्या.

काही महिन्यांनी कोर्टानं बापलेकीला बागेत भेटायला परवानगी दिली. शेवटच्या दिवशी मुलगी वेण्या उडवत जिन्यापाशी गेली आणि मागे न बघता बाहेर पडली. बाईंनी जमिनीवरचे खडू गोळा केले आणि पुढच्या भेटीसाठी खोली लावायला घेतली.