रुमालाखालचे मेंबर

आमचे मेंबरकाका निवडून येण्याआधी पाच वर्षं मेंबर होते. गावकमिटीसाठी पहिल्यांदा उभे राहिले आणि सपाटून आपटले, तेव्हा गावाने थट्टेने हे नाव ठेवलं. काकांनी ते मानानं घेतलं. कोणी "मेंबर" म्हणून हाक मारली की पागोटं सारखं करून विचारायचे, "बोला, काय तकलीफ हाय?"

हट्ट्याजवळ आमचं लहानसं गाव. काका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचे दलाल. तिथं उर्दू वर्तमानपत्र वाचायचे आणि गावी येऊन पारावर सांगायचे, "अमेरिकेत लाकडं फोडणाऱ्याचं पोरगंबी मुलखाचं मुखत्यार होतं. लोक मतं देतात." कोणीतरी हळूच म्हणायचं, "तिथं आपले मालक न्हाईत, मेंबर." मालक म्हणजे गावचे देशमुख. सगळे हसायचे, काकाही.

हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. महायुद्धाच्या दिवसांत सरकार लेव्हीची, म्हणजे सक्तीच्या वसुलीची, ज्वारी उचलायचं आणि ती कोणाच्या घरून जायची हे कमिटी ठरवायची. कमिटी मालकांची. त्यांचं पेव भरलेलं राहायचं, आमची कणगी खरवडून न्यायचे. काकांना मेंबर व्हायचं होतं ते एवढ्यासाठी. पण मतदान हात वर करून, आणि समोर बाजेवर मालक बसलेले. दुसऱ्यांदा काका पडले तेव्हा माझ्या वडिलांनीही मालकांसाठी हात वर केला होता. त्या संध्याकाळी काका मुद्दाम आमच्याकडे जेवायला आले. वडिलांची मान वर होईना. काका भाकरी कुस्करत म्हणाले, "लेकराबाळांचा धनी तू. तुझ्या जागी मी असतो तर दोन्ही हात वर केले असते." एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

अठ्ठेचाळीस साली निजामी गेली. नवी कमिटी निवडायला तालुक्याहून एक कारकून आला. गावात त्याच्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. "हात वर करा," म्हणाला. काका उठले.

"साहेब, मोंढ्यात हळदीचा भाव आमी वरडून सांगत न्हाई. रुमालाखाली बोटं दाबतो. बाजूच्याला पत्ता लागत न्हाई. मतबी तसंच घ्या."

कारकून घुटमळला. मालकच हसून म्हणाले, "घ्या की. माणसं आमचीच हायेत."

मालकांना एक बोट, काकांना दोन. एकेक जण पुढे व्हायचा, कारकुनाच्या हातावरच्या रुमालाखाली हात घालायचा आणि मालकांना रामराम करून बाजूला व्हायचा. कारकून मांडीवरच्या पाटीवर कोणाला दिसणार नाही अशी रेघ ओढायचा. वडिलांनीही मालकांना वाकून रामराम केला.

काका निवडून आले. मालकांना पडली त्याच्या दुपटीनं मतं पडली. पोरांनी हलगी आणली, पण मालक बाजेवरून उठले तशी ती थांबली.

"मेंबर, माझी माणसं कोणकोणती फुटली तेवढं सांग."

काका म्हणाले, "मालक, ते आता तुमाला कधीच कळणार न्हाई."

वडिलांनी किती बोटं दाबली, ते मी पुढे कितीदा तरी विचारलं. ते नुसते हसायचे. म्हणायचे, "मेंबरनं सांगितलंय, कुणालाच सांगायचं न्हाई."