आधी जेवा, मग घाबरा

"आधी जेवा, मग घाबरा." ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटपुढं ताट ठेवताना आमच्या वॉर्डातली आयामावशी हे हमखास म्हणायची. "घाबरू नका" असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पोट कापून घ्यायचं म्हटल्यावर मानूस घाबरनारच की, असं तिचं म्हणणं.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी नर्स म्हणून नवीनच लागले होते. कोऱ्या टोपीचा ताठा डोक्यात शिरलेला. मी पेशंटला समजावायची, नाही ऐकलं की दटावायची. मावशी मात्र स्टूल ओढून बसायची आणि भलतंच विचारायची. म्हैस दूध किती देते, धाकटीचं कुठं जमलं. कामाचा ढीग पडलेला असला तरी ही बैठक तिनं कधी चुकवली नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याजवळ बसलं की छातीतली धडधड आपोआप कमी होते.

एकदा अक्कलकोटकडचे एक लिंगायत दुकानदार स्वतःच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आले, सोबतीला मुलगा. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. ऑपरेशनला जाताना अंगावर धातूची वस्तू ठेवायची नाही, हा डॉक्टरांचा नियम. आप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. लहानपणी दीक्षा घेतल्यापासून ते अंगावेगळं झालेलं नव्हतं.

"जीव गेला तर जाऊ दे, हे न्हाई काढायचं," आप्पा म्हणाले.

"आतडं अडकलं तर खरंच जाईल!" मी सुनावलं.

मावशीनं डोळ्यांनीच मला गप्प केलं. "आप्पा, पूजा कशी करता, सांगा की."

आप्पांनी डावा तळवा पुढं केला आणि लिंग त्यावर कसं घ्यायचं ते दाखवलं. बोलता बोलता ताटातली भाकरी संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर त्यांचा डोळा लागला. मी अतिशहाणी! डबीचा दोरा हळूच सोडवायला गेले. आप्पा ताडकन उठून बसले. "ब्याडा, ब्याडा!" कानडीत नको नको म्हणत खाटेवरून उतरले आणि धडपडत आपली पिशवी शोधू लागले. घरी निघाले होते ते. माझ्या आगाऊपणानं हा माणूस मरणार, एवढंच मला कळत होतं.

आवाज ऐकून मावशी आली. मला एका शब्दानंही बोलली नाही. आप्पांपासून दोन हातांवर उभी राहिली.

"कुनी हात लावनार न्हाय आप्पा. तुमीच काढा, तुमीच तळव्यावर घ्या, वरनं पट्टी बांधा. चांदीची डब्बी तेवढी लेकाकडं ऱ्हाऊ द्या."

डॉक्टर दारात येऊन उभे होते. मावशी त्यांच्याकडं वळली. "सायेब, डाव्या हाताचं काय काम हाय का तुमाला?"

डॉक्टर जरा चरफडले, पण "बांधा लवकर" म्हणाले.

मावशीनं स्वच्छ पट्टी ट्रेमध्ये ठेवून समोर धरली. आप्पांनी लिंग तळव्यावर घेतलं, उजव्या हातानं पट्टी गुंडाळली आणि दातांनी गाठ मारली. मग आपण होऊन स्ट्रेचरवर आडवे झाले.

मावशी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तिची आठवण निघाली की मला त्याच दिवसाची दुपार दिसते. ऑपरेशन नीट पार पडलं होतं. आप्पा अजून शुद्धीवर आलेले नव्हते. डावा हात खाटेच्या कडेला आला होता, मूठ सुटली होती आणि पट्टीही सैल पडली होती. मावशी शेजारी बसून होती. तिचा उघडा तळवा त्यांच्या हाताखाली, बोटभर अंतर राखून. लिंग निसटलं तर झेलायला. पण हात लावणार नाही म्हणाली होती, म्हणून शिवायचं नाही.

"मावशी, हात भरून आला असेल. मी धरते."

तिनं मानेनंच नको म्हटलं.

आप्पांनी डोळे उघडले. आधी आपली सुटलेली मूठ पाहिली, मग तिच्याखालचा तो तळवा. त्यांनी आपला हात हळूच खाली टेकवला, मावशीच्या हातात.