चिनी काकूंच्या कळ्या

फ्रँकफर्टला आमच्या खालच्या मजल्यावर एक चिनी काकू राहायच्या. जिन्यात भेटल्या की तब्येत बघायला आधी जीभ दाखवायला लावायच्या, 'गुटेन टाग' मागाहून. बाल्कनीतल्या त्यांच्या वेलीची पांढरी फुलं दुसऱ्या दिवशी पिवळी व्हायची. पण काकू फुलूच द्यायच्या नाहीत, सकाळी कळ्याच खुडून वाळवायच्या. "उमललं की औषध पळालं!" जर्मन दोघांचंही मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं.

मी आठवीत शाळा सोडलेला, हॉटेलात नवा. किचनमध्ये ऑर्डरी ओरडून सांगायचं माझं काम, आणि नेमका माझा घसाच बसला. आता नोकरी जाणार हे दिसतच होतं. काकूंनी मूठभर कळ्या दिल्या, उकळून पी म्हणाल्या. मी आपल्या सवयीने त्यात भरपूर आलं ठेचून घातलं. तेवढ्यात काकू बघायला वर आल्या आणि दारातच त्यांना आल्याचा वास आला.

"नाइन, नाइन! अजिबात नाही! घशात आग, त्यात आणखी उष्ण आलं घातलंस? हा काय चहा आहे?"

त्यांनी सगळं ओतून दिलं, नुसत्या कळ्या पुन्हा उकळल्या आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

दोन दिवसांनी आवाज मोकळा झाला, नोकरी राहिली. काढ्याने की आपोआप, देव जाणे. पण घर सोडल्यापासून इतक्या हक्काने मला कुणी रागावलंच नव्हतं.