नागाप्पाच्या नावाची ड्रॉइंगं

शिवलीला नेसरीकडची. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन ती शिरोलीच्या एका फौंड्रीत ड्रॉइंग करायला लागली, ते सत्त्याण्णव साल. सहा महिने काम बघू, पटलं तर कायम करू, असं मालक म्हणाले होते. पहिल्या दिवशी तिनं माडीवरचं नवं कॉम्प्युटर मशीन चालू केलं, ड्रॉइंगचा कप्पा उघडला आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पंपांची, व्हॉल्व्हची, गिअरपेट्यांची शेकडो ड्रॉइंगं पडद्यावर उतरत होती. तारखा सगळ्या ती इथं येण्याआधीच्या, कित्येक तर ती शाळेत होती तेव्हाच्या. आणि ड्रॉइंग कुणाचं, या रकान्यात प्रत्येकासमोर एकच नाव होतं, शिवलीला.

तिनं ते कुणालाच सांगितलं नाही. आल्या आल्या असलं काही बोललं तर पोरगी डोक्यानं अधू आहे म्हणतील, ही भीती.

ड्रॉइंगं खरं तर नागाप्पाची होती. नागाप्पा हा फौंड्रीचा जुना ड्राफ्ट्समन. खाली काचेच्या खोलीत युनिक्सवर चालणारं जुनं मशीन होतं, ते त्यानंच सांभाळलेलं. त्याच सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तो त्याच खोलीत खुर्चीत बसल्या बसल्या गेला. मग पुण्याहून एक माणूस येऊन माडीवर नवं मशीन बसवून गेला. जुन्या मशीनमधला ड्रॉइंगचा कप्पा त्यानं वायरीतून नव्या मशीनला जोडून दिला. माडीवर काढलेलं खाली जाऊन साठायचं, खालचं माडीवर दिसायचं. नागाप्पाची खुर्ची मात्र कुणी हलवली नव्हती.

कागदावर ड्रॉइंग छापणारा प्लॉटर खालच्या मशीनला होता. ज्याचं ड्रॉइंग त्याचं नाव आणि तारीख कोपऱ्यात आपोआप छापली जावी, अशी सोय नागाप्पानंच करून ठेवली होती. शिवलीलाचं पहिलं ड्रॉइंग छापून आलं. कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख होती आणि नाव नागाप्पाचं.

तो कागद घेऊन ती पॅटर्न शॉपमध्ये गेली. तिथं पिराजी मिस्त्री लाकडाचे साचे करत असे. त्यानं कागद घेतला, कोपरा बघितला आणि कपाळाला लावला.

"मिस्त्री, हे मी काढलंय."

"व्हय व्हय, तूच काढलंस. आणि खाली सही करायला त्यो आलता, न्हवं?" पिराजी हसला, पण डोळे हसले नाहीत. "अगं पोरी, माझं केस पांढरं झालं ह्याचं कागद वाचून. नागाप्पाचा कागद हाय. मोजायचं काम न्हाय."

"मोजा की एकदा. माझी चूक असली तर?"

"तुझी असंल. त्याची नसती."

आणि त्यानं न मोजता लाकडाला करवत लावली.

तिथून पुढं रोज तेच. प्रत्येक कागदावर गेलेल्या माणसाचं नाव आणि ताजी तारीख. फौंड्रीतली माणसं घाबरली असती तर एक वेळ बरं झालं असतं. ती घाबरली नाहीत, सरावली. सकाळी जुन्या मशीनवर बेलाचं पान ठेवलेलं दिसायचं. मालक काचेबाहेर उभे राहायचे आणि आत कुणी नसताना म्हणायचे, "नागाप्पा, तेवढं व्हॉल्व्हचं लवकर बघ गा." मग अंगावरची धूळ झटकल्यासारखं करून पुढं जायचे. माडीवर बसलेल्या शिवलीलाला ते ऐकू यायचं. व्हॉल्व्हचं ड्रॉइंग तिच्याच पडद्यावर अर्धं झालेलं असायचं.

माडीवर बघावं तर नागाप्पाचं सगळं तिच्या नावावर, खाली बघावं तर तिचं सगळं नागाप्पाच्या. पंपाचं एक ड्रॉइंग तो अर्धवट टाकून गेला होता, ते तिनं पुरं केलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर त्यातल्या कुठल्या रेघा आपल्या, हे तिला सांगता येईना. आपण दोघांपैकी एक जण नाहीच, असं तिला वाटायला लागलं. कोण, ते कळेना.

पुण्याचा माणूस एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवून गेला होता. ती ते घेऊन बसली आणि एके दिवशी तिला उलगडा झाला. मशीन माणसाला नावानं ओळखतच नाही. प्रत्येकाला एक नंबर असतो आणि नाव नुसतं वर चिकटवलेलं असतं. पहिल्या माणसाला दोन्ही मशीनांनी एकच नंबर दिला होता, दोनशे. वायरीतून नाव जात नव्हतं, नंबर जात होता. खालच्या मशीनच्या लेखी दोनशे म्हणजे नागाप्पा, माडीवरच्या लेखी शिवलीला.

कळलं तरी भीती गेली नाही. इतकी साधी गोष्ट, आणि तेवढ्यावर एक माणूस मेल्यानंतर कामावर येत होता.

ती मालकांकडे गेली. "मला वेगळा नंबर द्यायचा आणि नागाप्पांचं मशीनमधलं खातं पुसून टाकायचं. एवढंच आहे."

"खातं पुसायचं न्हाय आणि काय बदलायचंबी न्हाय." मालकांनी मान वर केली नाही. "वर्षश्राद्ध हुईस्तोवर त्याचं नाव चालू दे. आमच्यात वर्षभर पान वाढत्यात माणसाचं. आणि त्याच्या नावानं साचं कसं बिनबोभाट निघाल्यात बघ की. नाव पुसलंस तर तू दुसरीकडं काम बघायचं."

चार दिवसांनी दानम्मा जिना चढून वर आली. ती नागाप्पाची बायको. खाली साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करायच्या कामावर होती. तिच्या काळ्या हातात छापलेला कागद होता. धाकट्या बहिणीला कानडीत मारतात तशी तिनं हाक मारली.

"तंगी, ह्यो कागद कुणी काढला?"

"मी, अक्का."

"मग ह्येंचं नाव का?"

शिवलीलानं जमेल तसं सांगितलं. दानम्मानं ऐकून घेतलं.

"मालकांच्यात वर्ष असतंय. आमच्यात असतंय का? तू आमच्यातलीच, तुला काय सांगू? मातीत बसवलं, कपाळाला विभूती लावली, की माणूस त्याच दिवशी शिवात मिळालं. त्याला पान न्हाय, श्राद्ध न्हाय, मागं बोलवणं न्हाय." तिचा आवाज खाली आला. "आणि हितं रोज हाका मारत्यात. रोज कामाला जुपत्यात. दुपारच्याला समदी जेवाय गेली की काचंच्या खोलीत खुर्ची वाजती. मी गाभं वाळत घालती, मला ऐकू येतंय."

तो आवाज शिवलीलानंही ऐकला होता. पंख्याचा असेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

"सोडीव त्यास्नी," दानम्मा म्हणाली. "तुझ्या हातात हाय म्हणतीस, तर सोडीव."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शिवलीला काचेच्या खोलीत गेली. दोन्ही मशीनांची देखरेख तिच्याकडेच होती, अडवणारं कुणी नव्हतं. खुर्चीत न बसता ती उभ्यानंच टाईप करत राहिली. दोन्हीकडं स्वतःला नवा नंबर दिला. तारखा बघून आपली ड्रॉइंगं एकेक करून आपल्या नावावर घेतली. पंपाच्या त्या ड्रॉइंगाशी हात थांबला. ते तिनं नागाप्पाच्याच नावावर ठेवलं. मग नागाप्पाचं खातं पुसायचा हुकूम लिहिला.

पाठीमागं खुर्ची करकरली. एखादा जड माणूस उठताना करकरते, तशी.

तिनं मागं बघितलं नाही. बटण दाबलं.

पडद्यावर यादी परत मागवली. त्याच्या शेकडो ड्रॉइंगांसमोर नाव राहिलं नव्हतं. नुसता आकडा होता, दोनशे.

मालकांनी दुपारी पंपाचा कागद मागवला. कोपरा बघून त्यांचा चेहरा उतरला. "नाव कुठं गेलं?"

दारातून दानम्मा बोलली.

"जायचं तिकडं गेलं, मालक. आता हाक मारू नगा."

मालकांनी कोपऱ्यातल्या आकड्यावरनं बोट फिरवलं. शिवलीला दप्तर भरायच्या तयारीनं उभी होती. शेवटी त्यांनी तिच्या हातातला, तिच्या नावाचा ताजा कागद घेतला आणि पिराजीला हाक मारली.

"मिस्त्री, ह्यो कागद ह्या पोरीचा हाय. नीट मोजून घे."

पिराजीनं तो कपाळाला लावला नाही. चष्मा पुसला, फूटपट्टी काढली आणि संध्याकाळपर्यंत रेघन् रेघ मोजली. एका जागी चूक सापडली, ती त्यानं सगळ्या शॉपला ऐकू जाईल अशी सांगितली. "काय शिकीवत्यात गा तुमच्या कॉलेजात?"

शिवलीला कायम झाली. पुढं कित्येक वर्षं पिराजी तिचा प्रत्येक कागद मोजत राहिला. बाकीच्यांना वाटायचं तिला राग येत असेल. ती मात्र त्याच्या बाकाशेजारी उभी राहून पट्टी सरकताना बघायची, आणि मोजून होईपर्यंत जागची हलायची नाही.