त्यागमूर्तीशिवायचं मानपत्र

गंगाधर बोधनकर रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली. पण रायपूरच्या मराठी मंडळींत त्यांची ओळख वेगळ्याच कामासाठी आहे. कोणाचा सत्कार असो, निरोप असो की पंचाहत्तरी, मानपत्र गंगाधररावांनीच लिहायचं. पुरानी बस्तीतल्या त्यांच्या घरी एक जाड वही आहे आणि तीत शब्द उतरवून ठेवलेले आहेत. शिक्षकांसाठी ज्ञानतपस्वी, डॉक्टरांसाठी पीयूषपाणी, निवृत्त होणाऱ्या साहेबांसाठी अजातशत्रू.

हा अजातशत्रू त्यांनी एकदा अशा साहेबांना बहाल केला की ज्यांचं चपराशापासून सगळ्यांशी वाकडं. ऑफिसात लोक तोंड फिरवून हसले. साहेबांनी मात्र मानपत्र काचेत मढवून बैठकीत लावलं, आणि बाबा आताशा जरा कमी ओरडतात, असं पुढे त्यांच्या सुनेनंच सांगितलं. गंगाधररावांना त्याचं नवल वाटलं नाही. कोणी मोठं म्हटलं की माणूस जरा ताठ बसतो, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. पत्नी सुशीलाबाईंचं मत निराळं. "तुमच्या मानपत्रातला एखादा माणूस चहाले घरी आणा," त्या म्हणायच्या. "मले पाहाचा आहे."

मागच्या वर्षी तिथल्या मराठी मंडळानं 'आदर्श माता' पुरस्कारासाठी कांताबाई निखाडेंचं नाव काढलं. कांताबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. एकतिसाव्या वर्षी नवरा गेला. दोन मुलं, एक मुलगी. समता कॉलोनीत तीस वर्षं घरोघर जेवणाचे डबे पोचवून त्यांनी मुलांना शिकवलं. आता त्या तेलीबांध्याला मोठ्या मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. माहिती घ्यायला गंगाधरराव तिथे गेले, तेव्हा त्यांच्या खिशातल्या कागदावर त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू वगैरे आधीच लिहून झालं होतं. फक्त गावं आणि तारखा भरायच्या होत्या.

त्यांनी तो कागद वाचून दाखवला. कांताबाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी आदर्शचा अर्थ विचारला. गंगाधररावांना संस्कृतची आवड. संस्कृतात आदर्श म्हणजे मुळात आरसा, असं त्यांनी हौसेनं सांगितलं.

"मंग आरशात जे दिसते ते लिहा," कांताबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी जे सांगितलं ते गंगाधररावांनी कधी ऐकलं नव्हतं. नवरा गेल्यावर त्यांनी मुलांना जवळ ठेवलं आणि सहा वर्षांच्या मुलीला, भावनाला, गोंदियाला आपल्या भावाकडे पाठवलं. तिघांचं आपल्याच्यानं होणार नाही, अशी भीती वाटली होती. पाठवायचं तर पोरीलाच, हे त्या वेळी कोणाला चुकीचं वाटलं नाही, त्यांनाही नाही. पाच वर्षांनी तिला परत आणलं, तेव्हा ती दारात पाहुण्यासारखी उभी राहिली. आता तीही रायपुरातच राहते, तिला त्रेपन्नावं लागलंय. येते, औषधं आणून देते, पण दहा मिनिटांच्या वर बसत नाही.

"कार्यक्रमात भावना समोर बसन," कांताबाई म्हणाल्या. "तिच्यासमोर मले त्यागमूर्ती म्हणसान, तर मी उठून जाईन. त्याग माहा नाही, तिचा झाला. तेच लिहा."

गंगाधररावांनी आठवडाभर कागद फाडले. वहीतला एकही शब्द चालेना. शेवटी त्यांनी साधी वाक्यं लिहिली, कचेरीच्या टिपणासारखी. मंडळाचे अध्यक्ष दत्तोपंत ते वाचून नाराज झाले. हे मानपत्र आहे की पोलिसातला जबाब, असं म्हणाले. गोंदियाचं वाक्य तरी काढा, असा त्यांनी आग्रह धरला. इतक्या वर्षांत गंगाधररावांनी मंडळाशी कधी वाद घातला नव्हता. या वेळी ते म्हणाले की वाक्य काढायचं तर दुसरा लेखक पाहा. दुसरा कोणी नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी मानपत्र स्वतः वाचलं. डबे, उन्हातल्या खेपा, मुलांचं शिक्षण इथवर लोक माना डोलावत होते. मग ते वाक्य आलं. 'मुलीला त्यांनी पाच वर्षं गोंदियाला मामाकडे ठेवलं. ठेवायला नको होतं, असं त्या म्हणतात, आणि हे सगळ्यांसमोर वाचलं जावं अशी त्यांची इच्छा आहे.' पहिल्या रांगेतून भावना उठली आणि बाहेर गेली. उरलेल्या चार ओळी गंगाधररावांनी कशाबशा संपवल्या. आईला विचारलं, पण लेकीला विचारायचं आपल्याला सुचलंच नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

ते बाहेर आले, तर भावना पायरीवर बसली होती. त्यांनी माफी मागितली. मराठी तिला सगळं समजतं, पण ती बोलली हिंदीतच.

"काका, माँ ने ये बात मुझसे कभी नहीं कही. आपसे कह दी."

गंगाधरराव तिच्याजवळ पायरीवर बसले. आत फोटो निघत होते. बऱ्याच वेळानं ती उठून आत गेली. आईच्या हातातली शाल-श्रीफळाची पिशवी तिनं घेतली आणि भावाला म्हणाली की आज आईला मी नेते. कांताबाई तिच्याकडे अकरा दिवस राहिल्या. त्या दिवसांत दोघी काय बोलल्या हे कोणाला ठाऊक नाही. भांडणही झालं म्हणतात. पण आता भावना आली की जेवून जाते.

नंतर दोन घरांनी गंगाधररावांना बजावून सांगितलं की आमच्या अण्णांचं नेहमीसारखंच लिहा. त्यांनी लिहिलं, वहीतले शब्द वापरून, मनापासून. दोन्ही घरच्या अण्णांना फार आनंद झाला.

दिवाळीनंतर भावनाचा फोन आला. तिला ते मानपत्र हिंदीत हवं होतं, मुलांना वाचायला. गंगाधररावांनी करून पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा फोन केला. एक दुरुस्ती आहे, म्हणाली. पाच वर्षं नाही, चार वर्षं आणि आठ महिने.

त्यांनी पेन उघडलं आणि दोन्ही प्रतींत आकडा बदलला.