वाळत घातलेले मोजे

यासेनोवा गावच्या शाळेतले मास्तर बदलले, बाई बदलल्या, भिंतीवरच्या नकाशातला आपला देशसुद्धा दोनदा बदलला. शाळेची शिपाईण पेर्सिदामावशी तेवढी बदलली नाही. एकतीस वर्षं रोज सकाळी सहाला यायचं, लोखंडी शेगडी पेटवायची, लाकडं ओली निघाली तर लाकडांनाच चार शब्द सुनावायचे आणि पोरं आली की आधी त्यांचे पाय बघायचे. चेहरे मागाहून. बर्फातून चालत आलेल्या पोराचे मोजे ओलेच असणार. ते ओढून काढायचे, शेगडीवरच्या दोरीवर टाकायचे आणि पोराला अनवाणी गणितं करायला बसवायचं, हा तिचा कायदा.

ती लागली तेव्हा चौसष्ट पोरं होती. दोरीखालून जायचं तर वाकावं लागायचं, आणि वासाचं तर विचारूच नका. पण मावशीला आजही तो वास आठवला की डोळ्यांत पाणी येतं. कुणाला कशाचं अप्रूप असेल, काही सांगता येत नाही बाई.

भिंतीवर कोटांसाठी चौसष्ट खुंट्या होत्या. पहिलीच्या पोरांना नाव वाचता येत नाही म्हणून तिनं स्वतः रंगानं चित्रं काढलेली. बदक, किटली, आलुबुखार. एकदा घोडा काढायला गेली तो कुत्रा झाला. ती खुंटी ज्याच्या वाट्याला आली तो ल्युबिंको दोन दिवस रडत होता.

आता कोट तीन उरले होते. बाकीच्या खुंट्यांवर ती रोज फडका मारायची, उगीचच.

त्या हिवाळ्यात तालुक्याच्या कचेरीतून निरोप आला. उन्हाळ्यापासून शाळा बंद, तिघं पोरं बसनं वीस किलोमीटरवरच्या गावी जातील. बर्फ पडलं की ती बस वरच्या वळणावर तीन-तीन दिवस अडकते, हे कागदाला कुठून कळणार? तियानाबाई म्हणजे शाळेतल्या एकुलत्या एक बाई. त्या रडायला लागल्या, तेव्हा मावशी एवढंच म्हणाली, की पोरं जातील गं, पण तिकडे त्यांचे पाय कोण बघणार?

शाळा बंद करायच्या कागदावर बाईंची सही घ्यायला कचेरीतला माणूस नेमका संत सावाच्या दिवशी यायचा होता. जानेवारीअखेरचा हा शाळेचा सण. दरवर्षी एक यजमान असतो. तो गोल पाव, गोड शिजवलेला गहू आणि आलुबुखाराची दारू आणतो. पाद्रीबाबा पावाला वाइन लावतात, मग यंदाचा यजमान आणि पुढच्या वर्षीचा, दोघं मिळून पाव धरतात, गोल फिरवतात आणि मोडतात. ज्यानं पाव धरला त्याच्यावर पुढच्या वर्षीचा सण. तो टाळणाऱ्याला गावात कुणी नमस्कारसुद्धा करत नाही. गेल्या वर्षी कुणीच पुढे झालं नाही, म्हणून यंदा मावशीच यजमान होती.

कचेरीतला माणूस आला आणि मावशीनं रिवाजाप्रमाणे पाय बघितले. शहरातले पातळ बूट, चिंब. मग वर बघितलं तर ल्युबिंको! टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, पण कान तेच. त्याला काही बोलू न देता तिनं खुर्चीत बसवलं, बूट काढले, मोजे दोरीवर टाकले. साहेब अनवाणी. आता जातो कुठे? कोट मात्र त्यानं स्वतःच नेऊन कुत्र्याच्या खुंटीवर अडकवला. त्याच्या ते लक्षातही आलं नसावं.

पोरं गायली, पाद्रीबाबांनी पाव पुढे केला आणि विचारलं, पुढचा यजमान कोण? सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मावशीनं पावाची एक बाजू धरली आणि दुसरी ल्युबिंकोपुढे नेली.

"धर रे."

"मावशी, मी आता इथला कुठे राहिलो?"

"असं? मग हे मोजे कुणाचे वाळतायत?"

पाद्रीबाबा दाढीत खोकले. ल्युबिंको आधी दोरीकडे बघत राहिला, मग त्या रिकाम्या खुंट्यांकडे. मग त्यानं दोन्ही हातांनी पाव धरला. तीनदा फिरवून मोडला, तेव्हा मोठा तुकडा त्याच्याच हातात आला.

निघताना मावशीनं त्याला सुके मोजे घातले, टाच नीट बसेपर्यंत ओढून. पाव फडक्यात बांधून दिला. त्यानं तो बॅगेत ठेवला, बरोबर त्या कागदावर. सहीचा विषयच निघाला नाही. कचेरीत त्यानं सांगितलं म्हणे, ज्या शाळेचा मी यजमान, तिला मी कुलूप कसं लावू? सगळे हसले. पण तेही याच मुलखातले. कागदावर शेरा पडला, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी ल्युबिंको जाडजूड बूट घालून आला, बायकोनं भाजलेला पाव घेऊन. बरोबर कचेरीतले मोठे साहेब होते. ते म्हणे नुसते बघायला आले होते.

मावशीनं आधी त्यांचे पाय बघितले. बूट पातळ होते, चिंब भिजलेले. तिनं दोरीवरची जागा मोकळी केली आणि खुर्ची शेगडीजवळ ओढली.