मोर्स हवं की नको

माझ्या बायकोच्या मामांइतका ठाम मताचा माणूस अख्ख्या बोरीवलीत सापडायचा नाही; फक्त ते मत कुठलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मामा हौशी रेडिओवाले. म्हणजे घरात स्वतःचं यंत्र, सोसायटीच्या गच्चीवर स्वतःची तार आणि सरकारी परीक्षा देऊन मिळवलेला परवाना. त्याच्या जोरावर ते बाल्कनीत बसून हवेतून परक्या मुलखातल्या माणसांशी बोलतात. हाताशी फोन असताना हा खटाटोप कशाला, असं मी लग्नानंतर एकदा विचारून बसलो. "फोनवर काय जावईबापू, कोणीही बोलेल!" इथून मामांनी जी सुरुवात केली ती पानं वाढेपर्यंत चालली, आणि शेवटी त्यातला मला फक्त वरणभात कळला. गच्चीवरच्या त्या तारेवर दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा ओली चादर वाळत घातली होती. मामा चिडले नाहीत. चादरीची नीट घडी करून त्यांच्या दारी गेले आणि तारांच्या लांबीचं गणित त्यांना उंबरठ्यावरच समजावून सांगितलं. तेव्हापासून बाई गच्चीवर जातच नाहीत.

पण मामांचा खरा जीव वादात. या परवान्याचे दोन दर्जे असतात. वरच्या दर्जासाठी मोर्सची परीक्षा द्यावी लागते, म्हणजे यंत्रातून येणाऱ्या आखूड-लांब शिट्ट्या ऐकून अक्षरं उतरवायची. खालच्या दर्जाला ही भानगड नाही. मामा वरच्या दर्जाचे, आणि मुलुंडला राहणारे त्यांचे जुने मित्र खालच्या. दर रविवारी सकाळी दोघं रेडिओवरून एकाच विषयावर भांडत: परीक्षेत मोर्स हवं की नको. "मोर्स काढलंत तर उद्या कोणीही सोम्यागोम्या परवाना घेईल!" हे मामा. "घेऊ दे ना यार! पोरं आली पाहिजेत की नकोत? मी नाही शिकणार, जा!" हे मुलुंड. एकदा गणपतीनंतर मी गेलो, तर मामा तावातावाने सांगत होते, की मोर्सची अट ताबडतोब रद्द झाली पाहिजे, आणि यंत्रातून मुलुंडचे मित्र ओरडत होते, "वा रे वा! म्हणजे कष्टच नकोत कुणाला!" मी चक्रावलो. आदल्या रविवारी दोघांनीही एकमेकांना पटवून दिलं होतं म्हणे, आणि पटलं हे कबूल करायची दोघांचीही तयारी नव्हती. स्वयंपाकघरात मामी मटार सोलत बसल्या होत्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांना भांडायचं असतं हो. बाजू कुठली का असेना." पुढे दोघं आपापल्या जागी परत आले, पण कधी आले ते माझ्या लक्षात आलं नाही.

गेल्या वर्षी मामांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. रविवारी ते "परत बोल, परत बोल" म्हणू लागले. कानातलं यंत्र घेतलं, पण रेडिओवरचं बोलणं काही उमगेना. "आवाज येतो हो, शब्द येत नाहीत," ते मला म्हणाले. मोर्सच्या शिट्ट्या मात्र त्यांना अजून स्वच्छ ऐकू येत. पण मुलुंडला मोर्स कुठे येत होतं? दोनचार रविवार मामांनी नुसतं बटण फिरवलं, मग यंत्रावर टॉवेल टाकला. जेवताना ते सगळ्यांकडे बघून हसत आणि भलत्याच जागी मान हलवत. मला ते बघवत नसे.

मधेच एकदा मुलुंडहून मामींना फोन आला. "वहिनी, त्याला सांगू नका. मी शिकतोय." सत्तरी उलटलेला तो माणूस भाजी आणायला जाताना तोंडाने शिट्ट्या पुटपुटत होता. पहिल्या परीक्षेत नापास झाला. एक अक्षर आठवेपर्यंत पुढची चार निघून जात, असं मामींना सांगताना रडवेला झाला होता म्हणे. दुसऱ्या खेपेला पास झाला. मग वरच्या दर्जाचा परवाना हातात यायची वाट बघण्यात आणखी काही महिने गेले; त्याशिवाय मोर्स पाठवायची मुभा नसते.

त्या रविवारी मी तिथेच होतो. मामींनी टॉवेल उचलला आणि यंत्र लावायलाच लावलं. मामा कुरकुरत बटण फिरवत होते आणि मधेच त्यांचा हात थांबला. एक अडखळती शिट्टी येत होती. थांबत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून. मामा ओठातल्या ओठात अक्षरं जुळवत होते.

"काय म्हणतात?" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"म्हणतोय, मोर्स एकदम फालतू आहे. काढून टाकलं पाहिजे." मामांचे डोळे भरून आले होते. "किती सावकाश मारतोय बघा गाढव! बैलगाडी नुसती!"

मग त्यांनी हात पुसला आणि टकटक करून उत्तर द्यायला सुरुवात केली. त्यांनी बाजू कुठली घेतली, ते मला विचारवलं नाही. मामी केव्हाच आत निघून गेल्या होत्या. त्या दिवशी जेवणाला फार उशीर झाला, पण आतून कुणी हाक मारली नाही.